पार्किंगमधील सेन्सरचे दिवे विझतच नाहीत, दुसरे कोणते सेन्सर घ्यावेत? (मदत हवी आहे)

गोरेगावकर_बी_विंग
नमस्कार. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार महिन्यांपूर्वी जुन्या ट्यूबलाइट काढून सेन्सरवर चालणारे एलईडी दिवे बसवले. माणूस किंवा गाडी आली की दिवे लागतील आणि एरवी बंद राहतील, असे ठेकेदाराने सांगितले होते. प्रत्यक्षात दिवे रात्रंदिवस चालू असतात आणि बिलात सांगण्यासारखा फरक पडलेला नाही. रविवारी वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि हा प्रस्ताव मीच मांडलेला असल्यामुळे जाबही मलाच विचारला जाणार आहे. कृपया खात्रीच्या सेन्सरचे नाव सांगावे. वेळ कमी आहे, म्हणून फक्त नाव दिले तरी चालेल.

दादरचा_वायरमन
साहेब, नाव सांगून उपयोग नाही. आत्ता जे सेन्सर आहेत ते पीआयआर (शरीराची उष्णता टिपणारे) आहेत की मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल ओळखणारे)? पार्किंग उघड्यावर आहे, स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधील मोकळ्या जागेत) आहे की बेसमेंटमध्ये? एका सेन्सरवर किती दिवे जोडले आहेत? हे कळल्याशिवाय कोणीही नाव सुचवले तर ते दुकानदाराचे काम होईल, मदत होणार नाही.

सूर्यप्रेमी_मुलुंड
माझ्या मते सेन्सरच्या नादी लागण्यापेक्षा गच्चीवर सौरपॅनेल बसवावेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. आमच्या इमारतीचे लिफ्ट, पंप आणि जिन्यांतील दिवे यांचे बिल त्यामुळे बरेच खाली आले. एकदा पॅनेल बसले की दिवे चालू राहिले काय आणि बंद झाले काय, चिंता उरत नाही.

काटकसरी_ताई
सूर्यप्रेमी, योजना चांगली आहे, परंतु प्रश्न विझत नसलेल्या दिव्यांचा आहे. गळका नळ दुरुस्त न करता मोठी टाकी बांधण्याचा सल्ला आपण देत आहात.

गोरेगावकर_बी_विंग
पार्किंग बेसमेंटमध्ये आहे, हे लिहायचे राहिले. एकूण ५२ दिवे आहेत आणि प्रत्येक २० वॅटचा आहे. सेन्सर आठ आहेत, म्हणजे एकावर सहा-सात दिवे येतात. प्रकार ठाऊक नाही. छताला लावलेली, बंद तोंडाची, पांढरी चौकोनी पेटी आहे.

दादरचा_वायरमन
पीआयआरच्या तोंडाशी दुधी रंगाचे घुमटासारखे भिंग असते. बंद पेटी असेल तर तो बहुधा मायक्रोवेव्ह असणार. बेसमेंटमध्ये मी मायक्रोवेव्ह कधीही बसवत नाही. पीआयआर लावा, प्रश्न मिटेल.

सेवानिवृत्त_अभियंता
वायरमन यांचे निदान योग्य वाटते, उपाय मात्र मला पटत नाही. पीआयआर सेन्सरला हलणाऱ्या उबदार शरीरातून येणारे अवरक्त किरण दिसावे लागतात, त्यामुळे खांबाच्या किंवा उंच गाडीच्या आड चालणारा माणूस त्याला दिसत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत हवाच शरीराइतकी तापू लागली की त्याची संवेदनशीलता आणखी कमी होते. मायक्रोवेव्ह सेन्सर बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींच्या वारंवारितेतील बदलावरून हालचाल ओळखतो. त्याला आडोशाची अडचण कमी, पण तो हालचाल कशाची आहे हे पाहत नाही. आता एक प्रश्न विचारतो. आपल्या बेसमेंटमध्ये एक्झॉस्ट पंखे आहेत का आणि ते कधी चालू असतात?

गोरेगावकर_बी_विंग
पंखे आहेत आणि रात्रंदिवस चालू असतात. पण पंख्यांचा दिव्यांशी संबंध काय? त्यांची जोडणी वेगळी आहे.

सेवानिवृत्त_अभियंता
वीजजोडणीचा संबंध नाही, फिरणाऱ्या पात्यांचा आहे. सेन्सरच्या दृष्टीने तुमच्या बेसमेंटमध्ये एक माणूस चोवीस तास येरझाऱ्या घालत आहे.

काटकसरी_ताई
आणखी एक विचारते. ट्यूबलाइटच्या काळात सगळे ५२ दिवे खरोखरच जळत होते का? आमच्या सोसायटीत निम्म्या ट्यूब बंदच असायच्या आणि दिवसा वॉचमन बहुतेक ओळी बटणावरून बंद करत असे.

गोरेगावकर_बी_विंग
आपण विचारले म्हणून आमच्या जुन्या वॉचमनकाकांना विचारले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे १५-१६ ट्यूब कायम गेलेल्या असत आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात ते फक्त उताराजवळची बारा ट्यूबची ओळ चालू ठेवत. आता बटणे कोणी बंद करत नाही, कारण ठेकेदाराने सर्व बटणांवर काळी चिकटपट्टी मारून ‘सेन्सर चालू, हात लावू नये’ असे लिहून ठेवले आहे.

सेवानिवृत्त_अभियंता
मग सभेसाठी हिशेब मांडून देतो. ३६ वॅटची ट्यूब आणि तिचा जुना चोक मिळून सुमारे ४६ वॅट होतात. रात्री बारा तास ३६ ट्यूब आणि दिवसा बारा तास १२ ट्यूब धरल्यास रोजचे साधारण साडेसव्वीस युनिट होत होते. आता ५२ दिवे, २० वॅट, २४ तास, म्हणजे रोजचे २५ युनिट. दिवा निम्म्याहून कमी वीज खातो हे खरेच आहे, परंतु दिव्यांची संख्या आणि त्यांचे तास वाढल्यामुळे बचत दिवसाला दीड युनिटावर आली. बिलात फरक दिसणार कुठून?

स्टिल्टवाले_भांडुप
धागा थोडा वळवतो, त्याबद्दल क्षमस्व. आमच्या स्टिल्टमधील एलईडी दिवे बटण बंद केल्यावरही मिणमिणत राहतात. हे सेन्सरमुळे होते का?

दादरचा_वायरमन
बहुतेक वेळा बटणाने फेज (वीज आणणारी तार) तोडण्याऐवजी न्यूट्रल (परतीची तार) तोडलेला असतो. दिवा विझल्यासारखा दिसला तरी होल्डरपर्यंत वीज पोहोचलेली असते, म्हणून शिडीवर चढण्यापूर्वी मेन बंद करा आणि परवानाधारक माणसाकडून जोडणी तपासून घ्या. आता मूळ प्रश्नाकडे वळूया. मी अजूनही पीआयआरच म्हणतो. दादरमध्ये दोन इमारतींत लावले आहेत आणि तक्रार नाही.

काटकसरी_ताई
तक्रार नाही, की तक्रार तुमच्यापर्यंत पोहोचत नाही? मी रात्री अकरानंतर कामावरून परतते. आमच्याकडे पीआयआर लावल्यावर मिट्ट काळोखात उतारावरून चालत जाऊन, खांबाला वळसा घातल्यावर कुठे पहिला दिवा लागे. दोन महिन्यांत महिलांनीच सभेत आवाज उठवला आणि सेन्सर काढायला लावले. हालचाल नसताना दिवा पूर्ण विझवू नये, मंद करावा.

दादरचा_वायरमन
ताई, आपला अनुभव मी नाकारत नाही. उताराच्या तोंडाशी एक सेन्सर जास्त लावला असता तर ती वेळ आली नसती, पण तेवढा खर्च करायला समित्या तयार नसतात.

सेवानिवृत्त_अभियंता
ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. हालचाल नसताना दिवा २० टक्क्यांवर उतरेल अशी सोय मिळते, मात्र त्यासाठी दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, प्रकाश मंद करू शकणारा असावा लागतो. दिवसातून सहा तास पूर्ण प्रकाश आणि अठरा तास मंद प्रकाश धरला, तर याच ५२ दिव्यांना रोज सुमारे दहा युनिट पुरतील. शिवाय मुंबईत सोसायटीच्या सामाईक मीटरला घरगुती दरच लागतो आणि ५०० युनिटांच्या पुढचा वापर सर्वांत महाग टप्प्यात मोजला जातो. लिफ्ट आणि पंप त्याच मीटरवर असतील तर वाचलेले युनिट त्या महाग टप्प्यातूनच कमी होतात.
आज रात्री पंखे दहा मिनिटे बंद करून पाहा. कायमचे मात्र बंद करू नका, कारण गाड्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड बेसमेंटमध्ये साचतो. सेन्सरची पेटी उघडल्यास आत छोटी बटणे दिसतील. त्यांतून संवेदनशीलता आणि दिवा किती वेळ चालू राहावा हे ठरवता येते. ठेकेदाराने ती बहुधा शंभर टक्क्यांवर सोडली असणार.

गोरेगावकर_बी_विंग
काल रात्री पावणेबाराला सचिव, वॉचमनकाका आणि आमचा नेहमीचा वायरमन असे चौघे खाली उतरलो. पंखे बंद केले आणि उताराच्या पायथ्याशी स्तब्ध उभे राहिलो. दीड मिनिटात आठपैकी सहा गट एकेक करून विझले. संवेदनशीलता खरोखरच शंभरावर होती. ती पन्नासवर आणून पंखे पुन्हा सुरू केले, तेव्हा पंख्यांना लागून असलेला एक गट तेवढा पेटला, बाकीचे पाच विझलेले राहिले.
सुरुवातीला न विझलेल्या दोन गटांपैकी एक सांडपाण्याच्या उभ्या पाइपाजवळ आहे. वरच्या मजल्यावर कोणीतरी फ्लश केला, पाइपातून पाणी घरंगळल्याचा आवाज आला आणि त्या गटाचे नुकतेच विझलेले सहा दिवे पुन्हा लागले. दुसरा गट मात्र काहीही केले तरी विझेना. वायरमनने स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने त्या पेटीवर हलकेच ठोकले आणि सातही दिवे एकदम गेले.

दादरचा_वायरमन
त्या पेटीतील रिले, म्हणजे दिवे चालू-बंद करणारा आतला स्विच, चिकटला आहे. एलईडी दिवे सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह खेचतात आणि हलक्या रिलेचे संपर्क त्या ठिणगीने जुळून जातात. तो एक सेन्सर बदला आणि नवा घेताना पेटीवर एलईडीसाठी वेगळी क्षमता छापली आहे का ते पाहा. साध्या बल्बसाठीचा आकडा पाहून फसू नका. प्लास्टिकच्या पाइपातून वाहणारे पाणी मायक्रोवेव्हला कळते, म्हणून पाइपाजवळचा सेन्सर मीटर-दीड मीटर सरकवा. पंख्याजवळ आणि उताराच्या तोंडाशी मात्र पीआयआरच लावा. एवढे तरी ऐका.

सेवानिवृत्त_अभियंता
त्या दोन ठिकाणी पीआयआर लावायला माझी हरकत नाही.

काटकसरी_ताई
आणि बटणांवरची ती काळी पट्टी आधी काढा.

गोरेगावकर_बी_विंग
पट्टी आज सकाळीच काढली. ठेकेदाराचे दहा टक्के पैसे आम्ही राखून ठेवले आहेत, हे सांगायचे राहिले होते. ते ऐकताच त्याचा फोन लागू लागला आहे. पैसे द्यावेत का?

सेवानिवृत्त_अभियंता
अवश्य द्यावेत. पंखे चालू असताना सर्व आठही गट विझवून दाखवल्यानंतर.