निर्वासित, विस्थापित की परागंदा?

चाळीसगाव: सुदानच्या युद्धावरची बातमी वाचली. मथळ्यात ‘निर्वासित’, खाली मजकुरात त्याच लोकांना ‘विस्थापित’. दोन्ही चालतात का? शाळेच्या हस्तलिखितासाठी लेख लिहिते आहे.

धुळे: चालत नाहीत. सीमा ओलांडली तो निर्वासित, देशातच राहिला तो विस्थापित. सुदानच्या दारफुर भागातून शेजारच्या चाड देशात गेलेली बाई निर्वासित आणि पोर्ट सुदानला थांबलेली तिची बहीण विस्थापित. 1951 चा आंतरराष्ट्रीय करार फक्त पहिलीला लागू. (भारताने त्यावर सही केलेली नाही, हे जाता जाता.) दुसरीची जबाबदारी तिच्याच सरकारवर, आणि अनेकदा तेच सरकार लढाईत उतरलेलं असतं. तिच्यासारख्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची 1998 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती बंधनकारक नाहीत. 2024 अखेर जगभरात सक्तीने घर सोडावं लागलेले सुमारे 12 कोटी 32 लाख लोक होते. त्यातले 7 कोटी 35 लाख आपल्याच देशात होते. तेव्हा सरसकट ‘निर्वासित’ लिहिलंत तर निम्म्याहून जास्त लोक चुकीच्या खात्यात जातील.

तळोदा: व्याख्या मान्य. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ‘विस्थापित’ म्हटलं की सरदार सरोवर धरणात गाव बुडालेले. पुढचा प्रश्न ठरलेला: जमीन कुठे मिळाली? ‘युद्धविस्थापित’ लिहा, म्हणजे घोटाळा नाही.

जळगाव: ‘शरणार्थी’ का नको? 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्यांसाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असंच छापलेलं होतं.

धुळे: ते हिंदी. मराठी कानाला ‘शरण’ म्हणजे हार पत्करणं. पळून जीव वाचवणारा हरलेला नसतो.

अमळनेर: आपला जुना शब्द कुणालाच आठवला नाही, ‘परागंदा’. 1802 पासून होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ. गावंच्या गावं ओस पडली. अशा वेळी जुनी कागदपत्रं ‘रयत परागंदा झाली’ म्हणतात. देश सोडला की शेजारच्या परगण्यात गेली, याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. घरदार सुटलं एवढंच तो सांगतो. अहिराणीत म्हणाल तर ‘घरदार सोडीसन उनात’, तिथे नामाची गरजही पडत नाही. आणि परतणाऱ्याला काय द्यायचे? कौल. पहिली वर्षं सारा हलका, मग चढत्या हप्त्याने पूर्ण, शिवाय बैल-बियाण्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज. आजच्या ‘पुनर्वसन पॅकेज’पेक्षा मला ‘कौल’ आवडतो, कारण त्यात दिलेला शब्द आहे. बातमीत मात्र ‘परागंदा’ चालणार नाही. आता कर्ज बुडवून पळालेल्यालाच तो लावतात.

चाळीसगाव: ‘युद्धविस्थापित’ घेते. आणखी एक: मदत ‘तटस्थ’ लिहू की ‘निःपक्षपाती’?

धुळे: दोन्ही लागतील. लढाईत कुणाची बाजू न घेणं म्हणजे तटस्थता. कोण कुठल्या जमातीचा हे न पाहता ज्याची गरज जास्त त्याला आधी देणं म्हणजे निःपक्षपातीपणा. रेड क्रॉस ही दोन तत्त्वं वेगवेगळी मांडते.

तळोदा: आणि ‘छावणी’ लिहू नका, आमच्याकडे ती गुरांची. ‘शिबिर’ म्हणावं तर रक्तदानाचं. पुराच्या वेळी ‘निवारा केंद्र’ म्हणतात, तेच बरं.