शब्दचर्चा: सीप्लेन, फ्लाइंग बोट आणि उलांडी

प्रश्न: पहिल्या महायुद्धातल्या नौदली विमानांवरचा एक लेख मराठीत आणतेय. सीप्लेन आणि फ्लाइंग बोट, दोन्हींना 'जलविमान' म्हटलं तर चालेल ना?

उत्तर: गोष्टीत चालेल, या लेखात घोळ होईल. ब्रिटिश नौदलाचं 'शॉर्ट १८४' हे सीप्लेन फ्लोटांवर, म्हणजे चाकांच्या जागी लावलेल्या तरंगत्या भागांवर, उभं असायचं आणि टॉर्पेडो दोन फ्लोटांच्या मधे, पोटाखाली टांगलेला. १२ ऑगस्ट १९१५ ला ब्रिटिश वैमानिक एडमंड्सने असल्याच विमानातून तुर्की जहाजावर टॉर्पेडो सोडला. इंग्लंडमधल्या फेलिक्सस्टोची विमानं, म्हणजे फ्लाइंग बोटी, वेगळी. त्यांचं धडच होडीचं, ते थेट पाण्यावर बसायचं. तिथे टॉर्पेडो टांगणार कुठे? म्हणून पहिल्याला 'जलविमान', दुसऱ्याला 'उडती नौका' असं मी लिहीन. तसा इंग्रजीतही आधी 'हायड्रो-एरोप्लेन' हा अवजड शब्द होता. 'सीप्लेन' रूढ झाला तो १९१३ च्या सुमारास, नौदलमंत्री चर्चिल यांच्यामुळे.

प्रतिसाद: फ्लोटला आमच्या कोकणातला 'उलांडी' का नको? होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांना बांधतात ते लाकूड.

उत्तर: शब्द झकास आहे, पण जागा चुकतेय. उलांडी तोल सांभाळते, भार होडीच घेते. जलविमानाचे दोन मोठे फ्लोट तर सगळा भारच उचलतात. उडत्या नौकेच्या पंखाखाली जो छोटा फ्लोट असतो ना, ती मात्र अस्सल उलांडी! तिथे बिनधास्त वापरा. उडत्या नौकेच्या तळाला आडवा टप्पा असतो, उडताना पाण्याची पकड सुटावी म्हणून. त्याला साधं 'पायरी' म्हणा.

प्रश्न: आणि 'विमान जहाजावरून उडालं' हे बरोबर?

उत्तर: बहुतेक वेळा नाही. जहाज थांबवायचं, क्रेनने विमान पाण्यात सोडायचं, मग ते लाटांवरून धावत उडायचं. परतल्यावर पुन्हा उचलून घ्यायचं. २५ डिसेंबर १९१४ ला ब्रिटिशांनी जर्मनीतल्या कुक्सहाफेनवर केलेल्या हल्ल्यात नऊ विमानं पाण्यात सोडली, उडाली सातच. 'जहाजावरून नऊ विमानं उडाली' असं लिहिलंत तर ती दोन विमानं तुमच्या वाक्यातच बुडतील.

प्रश्न: सुधारते. 'सोडली' आणि 'उडाली' वेगळं ठेवते. उलांडीला मात्र एक तळटीप द्यावी लागेल, आमचे संपादक विदर्भातले आहेत.