पानांतली संप्रेरकं मोजायची आहेत: एलायझा की एलसी-एमएस? सल्ला हवा

पानफुटी:
टोमॅटोच्या रोपांना पाण्याचा ताण देऊन पानांतलं ॲबसिसिक ॲसिड (ताणात वाढणारं संप्रेरक) मोजायचंय. जमलं तर त्याच नमुन्यातून ऑक्सिन, जास्मोनिक आणि सॅलिसिलिक ॲसिड ही संप्रेरकंही. विभागात यूव्ही डिटेक्टरचं एचपीएलसी (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून अतिनील प्रकाशाने मोजणारं यंत्र) आहे. त्यावरच भागेल, एलायझा किट (अँटिबॉडीने मोजणारं) मागवू, की बाहेरून एलसी-एमएस/एमएस (द्रव्यं वेगळी करून रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखणारं तंत्र) करून घेऊ? दर नमुन्याला १०० मिलिग्रॅमच पान मिळतं. जाणकारांनी कृपया सांगावं.

रानजाई:
यूव्हीचा नाद सोडा. ही द्रव्यं ग्रॅमभर पानात नॅनोग्रॅमच्या मापात असतात, फिनॉलिक्सच्या (पानातल्याच, यूव्ही शोषणाऱ्या इतर संयुगांच्या) गर्दीत ती ओळखूच येणार नाहीत. फक्त ॲबसिसिक हवं असेल तर एलायझा चालेल, पण अँटिबॉडी त्याच्या जवळच्या संयुगांनाही चिकटू शकते. चारही हवीत म्हणजे एलसी-एमएस/एमएसच करा. १०० मिलिग्रॅम पुरतं.
एक कळकळीची विनंती: ड्युटेरियमवालं इंटर्नल स्टँडर्ड (त्याच संप्रेरकाचं जड हायड्रोजनचं रूप, मोजून घातलेलं) अर्क काढायला गार मिथेनॉल ओततानाच घाला, आणि प्रत्येक संप्रेरकाचं वेगळं. गाळताना, वाळवताना संप्रेरक जितकं वाया जातं तितकंच तेही जातं, म्हणून हिशोब जुळतो. मी पहिल्या वर्षी ते शेवटी घातलं होतं. एकाच झाडाच्या तीन नमुन्यांचे आकडे तीन तऱ्हेचे आले आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं.

काळीमाती:
मशीनच्या आधी तोडणीकडे बघा. पानाला जखम झाली की जास्मोनिक काही मिनिटांतच चढतं. नाव घातलेल्या फॉइलच्या पुड्या तयार ठेवा आणि पान तोडल्या तोडल्या द्रव नायट्रोजनमध्ये टाका. रोज एकाच वेळी, झाडावरचं त्याच क्रमांकाचं पान. खलबत्ताही आधी नायट्रोजन ओतून गार करा. पूड कोरड्या पिठासारखी भुरभुरीत राहिली पाहिजे, कडेला ओलसर, गडद हिरवी दिसली तर ती वितळायला लागलीय. अर्क उजेडात ठेवू नका, ऑक्सिन खराब होतं.
आणि ताण दिलेलं पान पाणी गमावतं. नुसत्या ताज्या वजनाने भागाकार केला तर संप्रेरक वाढलेलंच दिसणार, खरं वाढलेलं असो वा नसो. शेजारच्या पानाचं कोरडं वजन घेऊन ठेवा.

पानफुटी:
कोरड्या वजनाचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार! स्टँडर्ड किती घालू?

रानजाई:
नमुन्यात जितकं अपेक्षित आहे साधारण तितकं. ताणात ॲबसिसिक कैकपट वाढतं, तेव्हा ताणाचा एक आणि बिनताणाचा एक असे दोन नमुने आधी चालवून बघा, मग प्रमाण ठरवा.