शेततळ्यात चिलापी आणि खवल्याखवल्यांचा काळा मासा झालाय, तळं रिकामं न करता निघंल का?

अंबडकर_शेती: ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे. पाणी डाव्या कालव्यातून मोटरीनं येतं. कटला-रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिलं) सोडली होती, पण वाढ थांबलीय. काठाला बारीक पिलांचे थवे फिरतात, आणि जाळ्यात अंगावर वाघासारखे पट्टे-ठिपके असलेला, तोंड पोटाच्या बाजूला असलेला कडक मासा येतोय. तळं रिकामं न करता उपाय आहे का? नाहीतर जाळ्यानं धरून परत कालव्यात सोडून दिले तर चालंल का?

गोदाकाठ: काठाला फिरणारी पिलं बहुतेक चिलापीचीच, म्हणजे तिलापिया. एक पकडून बघा. पाठीवरचा पर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत सलग असतो आणि पुढच्या भागात टोचणारे काटे असतात. रोहूच्या पराला असे काटे नसतात. दुसरा तो सकर मासा, मत्स्यालयातला. मूळ दक्षिण अमेरिकेचा. खवले नाहीत ते, हाडाच्या पट्ट्या आहेत. त्याच्या परांचे काटे जाळ्यात अडकले की जाळं फाटतं, म्हणून हातमोजे घालूनच सोडवा.

रोहूची वाढ थांबण्याचं कारण बहुतेक चिलापीच. दोन-तीन महिन्यांची झाली की वीण सुरू. मादी अंडी तोंडात उबवते आणि नुकती निघालेली पिलंही धोका दिसला की तिच्या तोंडात परत जातात. त्यामुळे ओढजाळं कितीही फिरवलं तरी पिलांची खाण शिल्लक राहते. गर्दी झाली की हे मासे खुजे राहतात, तरी वीण थांबत नाही, आणि तुम्ही टाकलेलं खाद्य मात्र तेच संपवतात. तळं रिकामं न करता निघणार नाही, भाऊ.

आणि कालव्यात मुळीच सोडू नका. कालव्याचं पाणी शेवटी ओढ्यांतून गोदेलाच मिळतं, गोदा थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. १९५२ साली भारतात आलेली मोझांबिक चिलापी मूळची आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडच्या नद्यांची आणि खाड्यांची. खारट पाण्याचं तिला वावडं नाही. आपल्या मरळ-वामीला नदीत जागा अपुरी, त्यात ही भर कशाला?

मरळप्रेमी: थोड्या मरळी सोडल्या तर पिलं खाऊन टाकतील की. एवढा खटाटोप कशाला?

गोदाकाठ: पिलं खाईल, पण मोठ्या चिलापीला हात लावणार नाही, म्हणजे वीण चालूच. शिवाय बोटुकलीही गिळेल. कटला-रोहू शंभर-दीडशे ग्रॅमचे झाल्यावर मरळ सोडली तर पिलांवर थोडा अंकुश राहतो. एवढंच.

तळे_मिस्त्री: आता प्रत्यक्ष काम. उन्हाळ्यात करा, तळ्यात पाणी कमी असतं.

आधी ओढजाळं चालवून विकायचे मासे काढा. मग पाणी अर्ध्या मीटरवर आणा. उपसलेलं पाणी ओढ्यात नको, पिकाला द्या, आणि मोटरीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर पिलं पाटानं शेजाऱ्याच्या तळ्यात. १:१.५ उताराच्या (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं) तुमच्या मापाच्या तळ्याचा तळ २१ बाय २१ धरला तर अर्ध्या मीटरला साधारण २३७ घनमीटर पाणी राहतं. घनमीटरला २५० ग्रॅम धरून मोहाची पेंड (माशांना ती जहर असते) सुमारे ६० किलो लागेल. रात्रभर भिजवा, सकाळी पाणी-चोथा मिळून तळ्यावर सगळीकडे शिंपडा, कोपरे सोडू नका. चार-सहा तासांत मासे वर येतात. या पाण्याचं जहर पंधरा-वीस दिवस राहतं, तोवर ते बाहेर सोडू नका आणि ड्रिपला जोडू नका, फिल्टर चोथ्यानं भरतो.

घाई असेल तर ब्लीचिंग पावडर घनमीटरला ३५ ग्रॅम, म्हणजे आठ-साडेआठ किलो. प्लास्टिकच्या बादलीत विरघळवूनच टाका. कोरडे खडे कागदावर पडून राहिले तर कागदाचं नुकसान. जहर आठवड्याभरात उतरतं, पण तीव्रता पावडरीच्या ताजेपणावर आहे. उघडी पडलेली जुनी गोणी निम्मंही काम करत नाही.

दोन्हीत सकर मासा चिवट ठरतो. तो हवेतला श्वास घेतो, पाण्याबाहेरही तासन्‌तास तगतो. म्हणून शेवटी तळ पूर्ण कोरडा करून कडेनं फिरा आणि वेचून काढा. खड्ड्यात चुना टाकून पुरा, उकिरड्यावर ओलाव्यात टाकू नका. तुमच्याकडे कागद आहे हे नशीब. मातीच्या पाझर तलावात हा मासा काठाला बिळं पाडतो, बांध पोखरतो.

अंबडकर_शेती: चुना टाकायचा का मग?

तळे_मिस्त्री: टाका, पण विरवलेला. भाजलेला चुना कागदावर टाकून त्यावर पाणी सोडलं की तापतो आणि कागद सैल पडतो. तळाला दहा किलो पुरे.

पाणी भरताना मोटरीच्या नळीच्या तोंडाला साठ मेशच्या (इंचाला साठ भोकं) नायलॉन कापडाची पिशवी बांधा, दुहेरी. मच्छरदाणी नको, तिची भोकं बारक्या पिलांना मोठी पडतात. पिशवी दीड मीटर लांब शिवा, आखूड असली की दाबानं फाटते. पहिल्या पाण्याला गाळ फार येतो, तासाभरानं झटकावी लागते. आणि माशांचं बीज घेताना पाहूनच घ्या. पिशवीतलं पाणी परातीत ओतून पाच मिनिटं नजर टाका. चिलापीचं पिलू रोहूच्या बोटुकलीत मिसळून आलेलं असतं, तेच खरं दार. थाई मांगूर कुणी स्वस्तात देऊ लागलं तर घेऊ नका, त्यावर २००० पासून बंदी आहे.

नवं बीज सोडायच्या आदल्या दिवशी दहा बोटुकली हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिशवीत) ठेवून बघा. चोवीस तासांत सगळी जिवंत राहिली तरच बाकीची सोडा. एकही मरून उलटी तरंगली तर आणखी चार दिवस थांबा.