प्रोबेटचा अर्ज ठाणे, मालवण की ओरोस? फोन कोणाला करायचा?

ठाण्याचा_चाकरमानी:
बाबा जानेवारीत गेले. घर आणि ३२ हापूस कलमं मालवण तालुक्यात, रजिस्टर मृत्युपत्र आहे, सगळं ताईच्या नावे. शिवाय गावच्या बँकेत ४ लाखाची एफडी, तिला नॉमिनी नाही. शेवटची दीड वर्षं उपचारासाठी माझ्याकडे ठाण्याला होते, मृत्यूचा दाखला पण ठाण्याचाच. मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचा, अर्ज कुठल्या कोर्टात, ठाणे, मालवण की जिल्ह्याचं ओरोस? नेटवरचे नंबर वाजतात नुसते. बजेट १५ हजार, सुट्टी मे मध्ये चारच दिवस.

कलमवाला:
प्रोबेट कशाला?? मुंबईवाल्यांचं फॅड ते, कोकणातल्या जमिनीला कधीच सक्तीचं नव्हतं. तलाठ्याकडे मृत्युपत्र आणि दाखला द्या, नोटीस लागते, १५ दिवसात हरकत नाही आली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. मी वकिलाला एक रुपया दिला नाही. कलमं कराराने देता का स्वतः करता?

सुरंगी:
फेरफार ही नुसती महसुली नोंद आहे, मालकीचा निकाल नाही. आमचा फेरफार झाला आणि तीन वर्षांनी दिरांनी मृत्युपत्रच खोटं म्हणून दावा लावला, तोवर दोन साक्षीदारांतला एक वारलेला आणि दुसऱ्यांना आमचं नावही आठवेना. साक्षीदार धड आहेत तोवर प्रोबेट करून घ्या.

घोटगे_सोनवडे:
ओरसाकच जा रे बाबा. माका मालवणात सांगल्यानी ओरसाक जा, ओरसाक सांगल्यानी आधी मालवणातसून नक्कल हाड. बापाशीचा रेशनकार्ड खंयचा आसा ता बघ आधी.

बांगडा_तिखलं:
आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय ना, ऑगस्ट २०२५ पासून, सिंधुदुर्ग त्यातच येतं. तिकडेच टाका अर्ज.

निवृत्त_नाझर:
बेंचला नाही हो, अपिलात गेलात तर पुढचं पुढे. प्रोबेटला मयताचं कायमचं राहणं किंवा कुठलीही मिळकत ज्या जिल्ह्यात, तिथलं जिल्हा न्यायालय, म्हणजे तुमचं ओरोसच. एफडीचं वेगळं, त्याला सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे ठेवी-येणी वसूल करायचा वारसाचा दाखला, आणि त्यासाठी मिळकत कुठे ते नव्हे, मयत शेवटी कायमचे कुठे राहत होते ते बघतात. उपचारासाठी ठाण्याला होते म्हणून ठाणेकर होत नाहीत, पण रेशनकार्ड, मतदार यादी गावची दाखवावी लागेल. आधी बँकेला विचारा, ठरावीक रकमेपर्यंत त्या सर्टिफिकेट न मागता इंडेम्निटी बॉण्डवर, म्हणजे भरपाईच्या हमीपत्रावर, पैसे देतात. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारा, नेमलाय का? नसेल तर प्रोबेट मिळतच नाही, लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मिळकतीच्या व्यवस्थेचं कोर्टाचं अधिकारपत्र, मागावं लागतं. फोनच्या नादी लागू नका, मीच कित्येक वर्षं तो उचलत नव्हतो, समोर पक्षकार उभे असायचे. फाइलिंगच्या खिडकीवर सकाळी जा. आणि मे मध्ये दिवाणी कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते!

दादर_ते_देवगड:
ओरोसच. मी ८५ हजार दिले, वकील मुंबईहून नेला, काम चोख. असल्या कामात पैसा बघू नये.

सुरंगी:
१५ हजार लिहिलंय त्यांनी. अर्ज ताई करणार असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करा. कोर्ट फी किती माफ होते ते तिथेच विचारा.

बांगडा_तिखलं:
ओरोसच मग. कुडाळला उतरलात तर स्टेशनबाहेर चहा घेऊ नका, पाणचट.

ठाण्याचा_चाकरमानी:
एक्झिक्युटर ताईच आहे, विधी सेवेचं तिला सांगितलं तर म्हणाली फुकटचा वकील नको, कुडाळची तिची मैत्रीण वकील आहे तीच. बजेट गेलं. फेरफार पण आत्ता नाही करत, थोरला दादा धुसफुसतोय, त्याला तोंडी काही सांगण्यापेक्षा कोर्टाची नोटीसच जाऊ दे म्हणते. मे चं कोकणकन्या कन्फर्म होतं, रद्द केलं. आता जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात.

कलमवाला:
म्हणजे यंदाचा आंबा काढणार कोण? कराराने दिलेत का ते सांगितलंच नाहीत.