कुगल: चौकोनी वडीचं गोल नाव

कुगल म्हणजे ज्यूंचा शेवयांचा किंवा बटाट्याचा भाजलेला पदार्थ, वड्या कापून खातात. ‘कुगल म्हणजे गोल, मग वड्या चौकोनी कशा?’ असा प्रश्न कुणालाही पडेल. नाव जुन्या रूपाला चिकटलंय, एवढंच. यिडिशमधला (पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला) हा शब्द जर्मन ‘कूगल’वरून आला, अर्थ गोळा. बंदुकीची गोळीही कूगलच, आणि बॉल बेअरिंग म्हणजे ‘कूगललागर’!

शब्बाथला (ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच चोलंटचं (मांस, कडधान्य वगैरेंचं) हंडं मंद आचेवर ठेवून देत. त्याच रश्श्यात पाव-पिठाचा एक गोळा सोडायचा, तो रात्रभर वाफेवर शिजायचा. तोच मूळचा कुगल. पुढे तो वेगळ्या भांड्यात गेला, पावाच्या जागी शेवया, नंतर बटाटा आला, आणि ट्रेमध्ये भाजल्यावर गोलपणा संपला. पोलंड-गॅलिशियाकडचे यिडिशभाषक तर त्याला ‘किगल’ म्हणतात.

मला सगळ्यात भारी वाटतो तो जेरुसलेमचा कुगल. तेलात साखर गडद तपकिरी होईपर्यंत जाळायची (इथे हात आखडला तर नुसत्या गोड शेवया होतात), त्यात उकडलेल्या बारीक शेवया, अंडी आणि भरपूर मिरपूड. रात्रभर भट्टीत राहिला की कापताना आतून कॉफीच्या रंगाचा दिसतो. सोबत काकडीचं आंबट लोणचं.

आणि हो, हा पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचा पदार्थ. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंची ओळख म्हणजे पोहे-नारळ-गुळाचा मलिदा, त्याची गोष्ट वेगळी.