सड्यावर आणि लेण्यांत: कोणी सोबत चाललं म्हणून दिसलं (अनुभव लिहा)

मंडळी, गेल्या आठवड्यात कशेळीची कातळशिल्पं (सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, जमिनीतच कोरलेली चित्रं) बघून आले आणि डोक्यातून जातच नाहीयेत म्हणून हा धागा. मी रत्नागिरीचीच, कशेळीच्या कनकादित्याच्या देवळात लहानपणापासून कितीतरी वेळा गेलेय, पण सड्यावर कधी पाय ठेवला नव्हता. यावेळी गावातले एक काका सोबत आले. म्हणाले, सकाळी लवकर चला, ऊन डोक्यावर आलं की रेघ दिसत नाही. आणि खरंच, मी त्या हत्तीच्या अगदी कडेला उभी होते तरी मला नुसता जांभा दगड दिसत होता! काकांनी हातातल्या काठीने हवेतच सोंडेची रेघ दाखवायला सुरुवात केली, मग पाठ, मग पाय, आम्ही कडेकडेने त्यांच्या मागे चालतोय चालतोय आणि हत्ती काही संपेचना. जवळपास 18 मीटरचा आहे. पोटात बघा म्हणाले, तर पोटात मुशी (शार्क), पाकट मासा, कितीतरी प्राणी कोरलेत. समुद्रातले जीव हत्तीच्या पोटात का कोरले असतील हे काकांना विचारलं तर म्हणाले, ते कोरणाऱ्यालाच माहीत बाय, मी दाखवायचं काम करतो. मला हे फार आवडलं. उगाच गोष्ट रचून सांगितली नाही.

ही चित्रं मध्याश्मयुगापासूनची, म्हणजे साधारण 10,000 वर्षं जुनी असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून ती शोधली, आणि 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नावं लागली (आपल्याकडची आठ ठिकाणं आणि गोव्यातलं एक). तुमचे असे अनुभव असतील तर लिहा, कुठलंही जुनं ठिकाण चालेल, फक्त कोणाच्या तरी सोबत पायी फिरून बघितलेलं हवं.

दापोलीहून

मी इथल्या पन्हाळेकाजी लेण्यांबद्दल लिहितो. शाळेच्या सहलीत गेलो होतो तेव्हा पळापळी केली आणि डबा खाल्ला, एवढंच आठवतंय. गेल्या डिसेंबरात इतिहास शिकवणाऱ्या एका निवृत्त सरांसोबत गेलो, सगळी 29 लेणी बघायला पूर्ण दिवस लागला कारण सर प्रत्येक ठिकाणी थांबायचे. आधी हीनयान बौद्धांची, मग वज्रयान म्हणजे तांत्रिक बौद्धांची, त्यानंतर शैव, गाणपत्य (गणपतीचे उपासक) आणि नाथ पंथीयांची, म्हणजे हजारेक वर्षं लोक येत राहिले आणि आधीच्यांचंच लेणं थोडं बदलून वापरत राहिले. 10 नंबरच्या लेण्यात महाचंडरोषण या वज्रयान बौद्ध देवतेची मूर्ती आहे, मी एकटा असतो तर कुठलातरी देव म्हणून हात जोडून पुढे गेलो असतो. सरांनी 19 नंबरमध्ये आम्हाला चक्क जमिनीवर आडवं व्हायला लावलं, छतावर रामायण महाभारतातले प्रसंग कोरलेत आणि मान वर करून ते धड बघताच येत नाहीत. शेवटचं गौर लेणं जरा बाजूला आहे, तिथे नाथ सिद्धांच्या मूर्ती आहेत, तोवर पाय बोलायला लागले होते पण ते चुकवू नका. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अभ्यास केला, इथला 1139 सालचा शिलाहार राजघराण्याचा ताम्रपट त्यांनी वाचला. कोटजाई नदी खाली वाहत असते, तिचा आवाज दिवसभर सोबतीला.

माणगावहून

कुडा लेणी, मांदाडच्या खाडीजवळ. 26 लेणी आहेत. सोबतच्या ताईंना ब्राह्मी वाचता येत होती हे आमचं नशीब. त्या अक्षरावर बोट न टेकवता हळूहळू वाचत होत्या आणि त्यातून माणसं बाहेर येत होती हो, करहाकड म्हणजे आपल्या कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी, एक वैद्य, एक माळी! राजेरजवाड्यांनीच लेणी खोदली असं मी समजत होते. माळ्याने दान दिलंय. माझे आजोबा माळीकाम करायचे, मला तिथे भरूनच आलं.

पुण्याहून, मूळ गाव लांज्याजवळ

देवाचे गोठणेला जाऊन या. भार्गवरामाच्या देवळावरून सड्यावर चढलो, तिथल्या मनुष्याकृतीजवळ वाटाड्याने होकायंत्र ठेवलं आणि काटा चुकीची दिशा दाखवायला लागला, माझ्या मुलीने पाचवेळा उचलून परत ठेवून बघितलं. पाणी भरपूर न्या, सड्यावर सावलीला झाड नाही.

राजापूर तालुक्यातून

माझं जरा वेगळं आहे, मी दाखवणारी आहे. आमच्या सड्यावर पण चित्रं आहेत. लहानपणी गुरं घेऊन जायचो तेव्हा आजी सांगायची पांडवांनी काढली, त्याच्यावर बसू नका. आता लोक लांबून येतात तेव्हा मी सोबत जाते. मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल तर चिरेखाणीचा (बांधकामाला जांभ्याचे चिरे कापून काढतात ती खाण). पलीकडच्या सड्यावर एक चित्र होतं, माशासारखं, मी स्वतः बघितलेलं, तिथे खाण लागली आणि ते गेलं, चिरा होऊन कोणाच्या तरी घराच्या भिंतीत असेल. म्हणून मी आलेल्यांना आधी तो खड्डा दाखवते, मग चित्रं. आणि कडेला एक दगडांची ओळ लावून ठेवलीय, तिथे चपला काढायच्या. कोणाला सांगायला लागत नाही, पहिला माणूस काढतो की मागचे आपोआप काढतात. तुम्ही सगळे पावसाळ्यानंतर या, सड्यावर फुलं असतात तेव्हा. घरी जेवून जा.